भाग तोच, रिव्हिजन नवी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात गेलात तर ग्राहकाकडून आलेली ड्रॉइंग्ज बघायला मिळतात. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत पार्ट नंबर असतो आणि त्याच्या शेजारी रिव्हिजनचं अक्षर. रिव्हिजन ‘बी’ची ‘सी’ झाली, तर कुठं तरी गोलाई वाढवली असेल, कुठं मशिनिंगसाठी ठेवलेली जादा जाडी कमी केली असेल, नाही तर चुकलेली टीप सुधारली असेल. पण पार्ट नंबर तोच आहे तोवर नवीन कास्टिंग जुन्याच्या जागी बसलंच पाहिजे. बोल्टच्या भोकांमधलं अंतर बदललं, तर तो भाग जुना राहत नाही. त्याला नवा पार्ट नंबर द्यावा लागतो. शिस्तीचे कारखाने हे पाळतात. जे पाळत नाहीत, त्यांच्या मालावरून असेम्ब्लीच्या वेळी तोंडातोंडी ठरलेली.

सॉफ्टवेअरच्या शेअर्ड लायब्ररींना नंबर देण्याची पद्धत याच धर्तीवर चालते. गोंधळ होतो तो लोक दोन नंबरांची सरमिसळ करतात म्हणून. एक नंबर जाहिरातीत दिसतो, बातमीत येतो: अमुक लायब्ररीची ८.३ आवृत्ती आली. दुसरा फाइलच्या नावात शेपटासारखा लागलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही. वाचतो फक्त संगणक. प्रोग्राम सुरू होणार की नाही, हे त्या दुसऱ्या नंबरावर ठरतं.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते बघू. पडद्यावर ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन शब्द वेगळे दिसतात. पहिल्यात रफार य-च्या डोक्यावर, दुसऱ्यात ऱ अर्धा होऊन य-ला चिकटलेला. फाइलमध्ये मात्र अक्षरांचे नुसते सांकेतिक क्रमांक एकापुढे एक असतात: एकीकडे र, हलन्त, य, दुसरीकडे नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. त्यातून कुठला आकार काढायचा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी कशी सरकवायची, जोडाक्षर कसं बांधायचं, हे काम लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. टेक्स्ट एडिटर, टर्मिनल, फाइल मॅनेजर या सगळ्यांनी हे गणित स्वतंत्रपणे लिहायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या चुका वेगळ्या होतील. म्हणून ते एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवतात, आणि जो प्रोग्राम मराठी दाखवणार असेल तो सुरू होताना ती फाइल जोडून घेतो. अशा फाइलच्या नावाची सुरुवात ‘लिब’नं होते आणि पुढे ‘.एसओ’ येतं, एसओ म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट.

एकाच फाइलचा फायदा किती मोठा असतो, ते एप्रिल २०१४मध्ये जगाला कळलं. वेबसाइटची गुप्त देवाणघेवाण सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि किल्ल्या बाहेरच्या माणसाला वाचता येत होत्या. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या, आणि ७ एप्रिलला १.०.१जी आली. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांच्या सर्व्हरवर त्या लायब्ररीच्या फाइलचं नाव लिबएसएसएल.एसओ.१.०.० होतं. दुरुस्तीनंतरही तेच राहिलं. म्हणून वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस यांतलं काहीही नव्यानं तयार करावं लागलं नाही. एक फाइल बदलायची, सगळं बंद करून चालू करायचं, झालं. ज्या प्रोग्रामनी ओपनएसएसएल स्वतःच्या पोटातच शिवून घेतली होती, त्यांना मात्र आपापल्या निर्मात्याकडून नवी प्रत येईपर्यंत थांबणं भाग होतं.

हे जमतं ते तीन नावांच्या व्यवस्थेमुळं. खरी फाइल असते तिच्या नावात पूर्ण नंबर असतो. आपल्या जिल्ह्याला साजेसं एक कल्पित उदाहरण घेऊ. गावोगावच्या दूध संस्थांत इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट मशीन आणि संगणक हे त्रिकूट आता सवयीचं झालंय. समजा, कुणी तरी काट्यावरून आणि मशीनवरून आकडे घेऊन दर काढणारी लायब्ररी लिहिली: ‘लिबदूध’. तिची खरी फाइल लिबदूध.एसओ.०.०.०. दुसरं नाव थोडं आखूड: लिबदूध.एसओ.०. याला एसओ-नेम म्हणतात, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. लायब्ररी तयार होताना हे नाव तिच्या आतच कोरलं जातं. तिसरं, बिननंबरी नाव लिबदूध.एसओ. ते फक्त नवा प्रोग्राम बांधताना लागतं.

पावती छापणारा प्रोग्राम बांधला जातो तेव्हा जोडणी करणारं साधन, म्हणजे लिंकर, बिननंबरी नाव धरून लायब्ररीपाशी जातं, तिच्या आत कोरलेलं एसओ-नेम वाचतं आणि प्रोग्रामच्या पोटात नोंद करून ठेवतं: मला लिबदूध.एसओ.० लागेल. पूर्ण नंबर त्या नोंदीत नसतोच. पुढे रोज सकाळी प्रोग्राम सुरू होताना लोडर ती नोंद वाचून त्याच नावाची फाइल शोधतो. डिस्कवर त्या नावाचा एक दुवा असतो, तो खऱ्या फाइलकडे बोट दाखवतो. नवी दुरुस्त फाइल आली की एलडीकॉन्फिग ही आज्ञा तो दुवा नव्या फाइलकडे वळवते. प्रोग्रामला पत्ता लागत नाही, आणि लागायची गरजही नाही. फाइल सापडलीच नाही तर मात्र लोडर ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ असं ठणकावून थांबतो. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलेल्या पुष्कळांना हे वाक्य पाठ असेल. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आली आणि लिबएसएसएल.एसओ.१.१ गेली, जुन्या नावावर अडून बसलेले बाहेरून आणलेले प्रोग्राम उठेचनात. लोक वैतागले, पण माझ्या मते लोडरनं योग्य तेच केलं. त्यानं मुकाट्यानं नवी फाइल जोडून दिली असती तर काय झालं असतं, ते लिबदूधवर बघू.

लिबदूध प्रत्येक दूध घालणाऱ्यासाठी एक नोंद तयार करून देते. तिच्यात तीन आकडे, प्रत्येकी चार बाइटचे: लिटर, फॅट, दर. मेमरीत ही नावं कुठंच नसतात. असतात फक्त बारा बाइट. पावतीचा प्रोग्राम बांधताना कंपायलरनं ठरवून टाकलेलं असतं की, शून्यापासून चार बाइट म्हणजे लिटर, चारपासून फॅट, आठपासून दर. ‘आठ’ हा आकडा प्रोग्रामच्या यंत्रभाषेत घट्ट बसलेला असतो.

आता लायब्ररी लिहिणाऱ्याला वाटलं, एसएनएफही (दुधातल्या फॅट सोडून बाकी घनपदार्थांचं प्रमाण) नोंदीत हवा. फॅटच्या शेजारीच तो शोभून दिसेल म्हणून त्यानं मध्ये घातला: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. त्याच्या दृष्टीनं ही नुसती भर. काही काढलं नाही, कुणाचं नाव बदललं नाही. नवी फाइल जुन्याच नावानं जिल्हाभर गेली. सकाळी सहाला म्हशीचं दूध आलं, फॅट ७.०, एसएनएफ ९.०. पावतीचा जुना प्रोग्राम सवयीप्रमाणं आठव्या बाइटपाशी गेला, तिथला आकडा उचलला आणि दर म्हणून छापला: लिटरला नऊ रुपये. प्रोग्राम बंद पडला नाही, कुठला इशारा नाही, पडदा हिरवागार. कट्ट्यावर पुढचा तास कसा गेला असेल ते सांगायला नको.

मग एसएनएफ शेवटी टाकला असता तर? आठव्या बाइटपाशी दरच राहतो, पावती बरोबर येते. पण त्या बारा बाइटची जागा प्रोग्रामनंच राखून ठेवली असेल आणि लायब्ररी त्यात सोळा बाइट लिहीत असेल, तर शेवटचे चार शेजारच्या कशावर तरी पडतात. त्या जागी एकूण बेरीज असेल तर बेरीज बिघडेल, आणि हे शोधायला आठवडा जाईल. सुरक्षित वाट एकच: नोंदीची जागा लायब्ररीनंच राखायची आणि प्रोग्रामला आत डोकावू द्यायचं नाही, दर हवा असेल तर ‘दर दे’ या फंक्शनला विचारायचा. आतली मांडणी झाकलेली असली की ती हवी तशी बदलता येते. जुन्याजाणत्या सी लायब्ररींमध्ये सगळीकडं अशी झाकपाक दिसते, तिचं कारण हे.

या बांधणीच्या पातळीवरच्या कराराला एबीआय म्हणतात. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो त्या पातळीवरचा करार म्हणजे एपीआय. वरच्या उदाहरणात एपीआय मोडला नव्हता. प्रोग्राम नव्यानं कंपाइल केला असता तर मुकाट चालला असता. मोडला एबीआय. त्यामुळं ‘माझ्याकडं तर चालतंय’ असं लायब्ररीवाला म्हणतो ते खरंही असतं आणि कुचकामीही.

नंबर कसा वाढवायचा याचे नियम ग्नूच्या लिबटूल या साधनानं फार पूर्वीपासून घालून दिलेत. त्यात तीन आकडे असतात: करंट, रिव्हिजन आणि एज. करंट म्हणजे सध्याच्या कराराचा अनुक्रमांक. रिव्हिजन म्हणजे त्याच कराराखाली किती वेळा आतली दुरुस्ती झाली. एज म्हणजे सध्याच्या करारापासून मागं किती करार अजून पाळले जातात. नियम ऐकायला कोरडे वाटतात. लिबदूधला लावून बघितले की उलगडतात.

पहिली प्रत ०, ०, ०. मग दर काढताना पैशांचं पूर्णांकन चुकत होतं ते सुधारलं. करार तोच, म्हणून फक्त रिव्हिजन वाढली: ०, १, ०. लिनक्सवर फाइल झाली लिबदूध.एसओ.०.०.१. पुढं दहा दिवसांचं बिल काढणारं नवं फंक्शन घातलं. करार नवा झाला म्हणून करंट १, रिव्हिजन परत ०. पण जुना करारही पूर्ण पाळला जातोय, म्हणून एजही १. एसओ-नेममध्ये जाणारा आकडा म्हणजे करंट वजा एज, इथं शून्यच. फाइल लिबदूध.एसओ.०.१.०. जुने प्रोग्राम बिनघोर चालतात, नव्यांना नवं फंक्शन मिळतं. आणि मग तो एसएनएफ. जुना करार मोडला. करंट २, रिव्हिजन ०, एज ०. फाइल लिबदूध.एसओ.२.०.०, एसओ-नेम लिबदूध.एसओ.२.

मधला १ गेला कुठं? एसओ-नेममध्ये तो कधी आलाच नाही. करार क्रमांक १ अस्तित्वात होता, पण तो ०ला धरूनच जगला. नवखे लोक इथं अडखळतात आणि नंबर ‘सुंदर’ करायला जातात: आपली लायब्ररी आता २.५ आहे, तर एसओ-नेमही २.५ करू. लिबटूलच्या माहितीपुस्तकात तसं अजिबात करू नका म्हणून बजावलंय. आवृत्तीचा नंबर लोकांसाठी असतो. त्यात हौस, बाजार, वर्षपूर्ती काहीही मिसळता येतं. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या टेक या प्रोग्रामची आवृत्ती दर दुरुस्तीला पायच्या एकेक दशांश स्थळानं पुढं नेली; सध्या ती ३.१४१५९२६५३ वर आहे. अशी चैन एसओ-नेमला परवडत नाही.

आज तरुण मंडळी जास्त ओळखतात ती सेमव्हर पद्धत: मेजर, मायनर, पॅच. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम लिहून काढले. करार मोडला तर मेजर वाढवा, भर घातली तर मायनर, दुरुस्ती केली तर पॅच. कल्पना तीच, फक्त इथं लोकांना दिसणाऱ्या आवृत्तीलाच करार बोलायला लावलंय. मेजर शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं अशी पळवाट नियमातच आहे, आणि वर्षानुवर्षं ०.९ वर मुक्काम ठोकून बसलेल्या लायब्ररी तिचा पुरेपूर फायदा घेतात.

नियम एक असला तरी प्रत्येक प्रकल्पाचा स्वभाव वेगळा, आणि मराठी मजकुराशी रोज संबंध येणाऱ्या दोन लायब्ररींत तो फरक लख्ख दिसतो. हार्फबझ पहिली. तिची १.० आवृत्ती २०१५मध्ये आली, २०१८मध्ये २.०, २०२३मध्ये ८.०. एवढ्या मेजर आवृत्त्या उलटल्या, पण फाइलचं एसओ-नेम लिबहार्फबझ.एसओ.०. उबुंटू २२.०४ मध्ये पूर्ण नाव बघितलंत तर लिबहार्फबझ.एसओ.०.२०७०४.० असं दिसेल. मधल्या आकड्यात २.७.४ ही आवृत्ती दडलीय. पहिल्या शून्यात हार्फबझचं वचन आहे: एकदा दिलेलं फंक्शन आम्ही काढून घेणार नाही. मुख्य लेखक बेहदाद इस्फहबोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सांभाळलंय, आणि अंतरंग मात्र सतत पालटत ठेवलंय. मला या प्रकल्पाबद्दल सगळ्यांत जास्त आदर कशासाठी असेल तर त्या शून्यासाठी.

दुसरी आयसीयू. तारखा, आकडे, भाषेप्रमाणं अकारविल्हे लावणं ही कामं करणारी ही लायब्ररी आयबीएमनं १९९९मध्ये खुली केली, आणि २०१६पासून ती युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली आहे. तिचा बाणा हार्फबझच्या अगदी उलट. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती, आणि दर आवृत्तीला नवं एसओ-नेम. उबुंटू २०.०४ मध्ये ६६, २२.०४ मध्ये ७०, २४.०४ मध्ये ७४. आयसीयूवर उभा असलेला प्रत्येक प्रोग्राम दर वेळी नव्यानं बांधावा लागतो, आणि लिनक्स वितरणं सांभाळणारे स्वयंसेवक याबद्दल तोंडभर बोलतात. गंमत म्हणजे २०१२मध्ये आयसीयूनं ४.८ नंतर थेट ४९ काढली. दशांश चिन्ह खोडून टाकलं, बस.

आयसीयू एक पाऊल आणखी पुढं जाते: प्रत्येक फंक्शनच्या नावालाच नंबर चिकटवते. मजकुराची लांबी मोजणारं यू-स्ट्रलेन हे फंक्शन आवृत्ती ७०मध्ये आतून यू-स्ट्रलेन-७० असतं. अतिरेक वाटतो, पण त्यामागं एक जुनी डोकेदुखी आहे. एका प्रोग्रामला दोन लायब्ररी लागतात. पहिली आयसीयू ६६ वर उभी, दुसरी ७० वर. मग एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही आयसीयू शिरतात. फंक्शनची नावं सारखी असतील तर पहिलीची हाक दुसरीला ऐकू जाते, आणि मेमरीतल्या मांडणीचा मघाशी बघितला तसा विचका होतो. नावातच नंबर असला की हाका चुकत नाहीत.

हार्फबझची वाट चांगली की आयसीयूची? सामान्य माणसाच्या संगणकाला हार्फबझची. यात मला शंका नाही. पण न पेलणारं वचन देऊन गुपचूप मोडण्यापेक्षा आयसीयूसारखं ‘आमच्याकडून कायमची अपेक्षा ठेवू नका’ म्हणून उघड सांगणं परवडलं.

कधी कधी लायब्ररीवाल्याला नंबर बदलायचा नसतो, आणि करार मात्र त्याच्या पायाखालूनच सरकतो. ३२ बिटच्या यंत्रांवर सेकंद मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. म्हणून डेबियन आणि उबुंटूनं २०२४मध्ये अशा बहुतेक यंत्रांसाठी तो ६४ बिटचा केला. वेळ साठवणारी प्रत्येक नोंद त्यामुळं रुंदावली आणि शेकडो लायब्ररींचा एबीआय एका झटक्यात बदलला. त्यांच्या लेखकांनी मात्र एक ओळही बदलली नव्हती. दुसऱ्याच्या लायब्ररीचं एसओ-नेम वितरणानं परस्पर बदललं तर बाकी जगाशी तिचं जुळायचं नाही. मग त्यांनी पॅकेजचं नाव बदललं. उबुंटू २४.०४ वर ‘लिबएसएसएल३टी६४’ असं चमत्कारिक नाव दिसतं ते त्यामुळं. आपल्या नेहमीच्या ६४ बिट यंत्रांवर तर काहीच बदललेलं नव्हतं. तरी नाव सगळीकडं एकच असावं म्हणून तेही बदललं.

लायब्ररीऐवजी प्रत्येक फंक्शनलाच नंबर द्यायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो लिनक्सच्या सगळ्यांत खालच्या लायब्ररीनं, ग्लिबसीनं, निवडलाय. तिचं एसओ-नेम लिबसी.एसओ.६. १९९७पासून तेच. ती बदलली तर यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम बदलावा लागेल, म्हणून ती बदलतच नाहीत. पण फंक्शनं बदलायची वेळ येतेच. तेव्हा एकाच नावाची जुनी आणि नवी अशी दोन फंक्शनं त्याच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवतात आणि प्रत्येकावर आवृत्तीची चिठ्ठी लावतात. जुन्या प्रोग्रामच्या पोटात जुन्या चिठ्ठीची नोंद असते, त्याला जुनं मिळतं.

याचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग मेमकॉपीचा. मेमरीतला एक तुकडा दुसरीकडं उतरवणारं हे साधं फंक्शन. दोन्ही तुकडे एकमेकांवर आलेले नसावेत, ही अट नियमात पहिल्यापासून आहे. तसे आलेले असतील तर मेममूव्ह हे दुसरं फंक्शन वापरायचं. नोव्हेंबर २०१०मध्ये आलेल्या फेडोरा १४ मध्ये ग्लिबसीचं मेमकॉपी नव्या प्रोसेसरवर वेग वाढावा म्हणून काही वेळा उलट्या दिशेनं उतरवू लागलं. आणि अडोबीच्या फ्लॅशमधला आवाज खरखरायला लागला. फ्लॅशवाल्यांनी अट मोडली होती. जुनं मेमकॉपी सरळ दिशेनं जायचं म्हणून ते इतकी वर्षं निभावलं होतं. ग्लिबसीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या वादात उतरून म्हणाले, वापरणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? नियमाच्या पुस्तकात ग्लिबसी बरोबर होती. पण शेवटी २०११च्या २.१४ आवृत्तीत नव्या मेमकॉपीला २.१४ची चिठ्ठी लागली, आणि जुन्या चिठ्ठीनं येणाऱ्या प्रोग्रामला मेममूव्हसारखं सांभाळून घेणारं फंक्शन मिळू लागलं. फ्लॅश पुढं काळाच्या ओघात गेलं. ती चिठ्ठी अजून आहे.

‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’ असा निरोप कधी दिसला असेल तर तो या चिठ्ठ्यांचाच. उबुंटू २२.०४ वर बांधलेला प्रोग्राम २०.०४ वर नेला की हमखास येतो. २०.०४ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, आणि २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवी चिठ्ठी लागली. त्यामुळं दोन ओळींचा प्रोग्रामही अडतो. अशा वेळी इंटरनेटवरून नवी लिबसी उतरवून जुन्या यंत्रात कोंबायचा सल्ला मिळतो. तो कुणीही ऐकू नये, यंत्र पुन्हा उठायचं नाही. प्रोग्राम जितक्या जुन्या यंत्रावर चालवायचा असेल तितक्या जुन्या यंत्रावर, किंवा तशा कंटेनरमध्ये, तो बांधायचा. जुनं नव्यावर चालतं, नवं जुन्यावर नाही.

इथवर सगळं नंबरात बसलं. आता न बसणारं. ऑगस्ट २०१८मध्ये ग्लिबसी २.२८ आली. तिच्यात मजकूर अकारविल्हे लावायचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीप्रमाणं बदलले. फंक्शन तेच, मांडणी तीच, लिबसी.एसओ.६ तेच. एबीआयच्या भाषेत काहीच झालं नव्हतं. फक्त ‘यातलं आधी कुठलं?’ या प्रश्नाचं उत्तर बदललं. इंग्रजी आकड्यांत ‘१-१’ आणि ‘११’ असं लिहून अमेरिकन इंग्रजीच्या नियमानं लावलं तर जुन्या ग्लिबसीत ११ आधी यायचं. नव्या ग्लिबसीत १-१ आधी येतं.

नुसती यादी छापायची असेल तर यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण पोस्टग्रेससारखा डेटाबेस हाच क्रम धरून इंडेक्स बांधतो आणि तो डिस्कवर ठेवतो. घोळ तिथं होतो. मराठीत तो कसा दिसेल ते मांडून बघू. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह-च्या नंतर. समजा, दूध संस्थेची सभासद यादी पहिल्या क्रमानं इंडेक्समध्ये बसलीय: काटकर, कारंडे, काळे, काशीद, कासार. मग सर्व्हरची आवृत्ती बदलली आणि नवी लायब्ररी वर्णमालेप्रमाणं चालू लागली. तुम्ही काळे शोधलंत. डेटाबेस काशीदपाशी पोचला आणि लायब्ररीला विचारलं, काळे याच्या आधी की नंतर? लायब्ररी म्हणाली, नंतर. डेटाबेस कासारच्या पुढं गेला, तिथं काही नाही. काळे सभासद नाहीत. प्रत्यक्षात ते दोन घरं मागं बसलेत. एकच नाव दोनदा येऊ नये असा नियम त्या रकान्यावर असला तरी आता दुसरे काळे खुशाल आत येतात, कारण नियम तपासणाराही याच इंडेक्सला विचारतो.

डेबियन ९ वरून १० वर, आरएचईएल ७ वरून ८ वर, उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाणाऱ्या प्रत्येक पोस्टग्रेस सर्व्हरला हा उंबरठा ओलांडावा लागला. म्हणून पोस्टग्रेसनं शेवटी स्वतःच नोंद ठेवायला घेतली. २०१७च्या आवृत्ती १० मध्ये आयसीयूच्या क्रमवारीची आवृत्ती साठवायची सोय आली. २०२२च्या आवृत्ती १५ पासून अख्ख्या डेटाबेसच्या क्रमवारीची आवृत्ती साठते, आणि खालच्या लायब्ररीची तिच्याशी जुळत नसेल तर जोडणी करतानाच इशारा येतो. लिबसी.एसओ.६ ज्याबद्दल गप्प राहिली, ते डेटाबेसनं आपल्या वहीत लिहून ठेवलं.

हा इशारा आला तर काय करायचं, यात क्रम महत्त्वाचा. क्रमवारीची आवृत्ती ताजी करायची एक आज्ञा असते, आणि ती दिली की इशारा लगेच बंद होतो. इंडेक्स मात्र चुकीचेच राहतात. म्हणून ती शेवटी द्यायची. आधी रीइंडेक्सची आज्ञा देऊन सगळे इंडेक्स नव्यानं बांधायचे. अपग्रेड होऊन बरेच दिवस गेले असतील तर इथंच गाडी अडते: मधल्या काळात दोन काळे आत आले असतील तर एकमेव नावाचा इंडेक्स बांधायला डेटाबेस नकार देतो आणि कुठलं नाव दोनदा आहे ते सांगतो. त्या दोन खात्यांपैकी खरं कुठलं, दुसऱ्यावर जमा झालेलं दूध आणि बिलं कुठं वळवायची, हे सचिवांना पासबुकं मागवून हातानं ठरवावं लागतं. मग परत रीइंडेक्स.